नवी गिटार जुनी करून मिळेल

पाटी

पनवेलच्या लाइन आळीत एक दुकान आहे. त्याची पाटी अशी :

आपटेकर फर्निचर पॉलिश
जुने ते नव्यासारखे करून मिळेल
शनिवारी बंद

आणि दोन वर्षं भांडूनही जी हदासाला लावता आली नव्हती, ती पाटी अशी :

नवी गिटार जुनी करून मिळेल

"एकाच भिंतीवर?" मनासेमामा म्हणायचा. "वरची ओळ वाचून गिऱ्हाईक आत येईल आणि खालची वाचून उलट्या पावली पळेल. केस काळे करायला लोक पार्लरमध्ये जातात, हदासा. पांढरे करायला कोण जातं?"

"जातात, मामा. हल्ली करड्या केसांचीपण फॅशन आहे."

"मग मला फुकटात फॅशन मिळालीय म्हणायची."

हदासा एकतीस वर्षांची. आधी तळोज्याच्या एका रंगाच्या कंपनीत होती. तिथं तिचं काम काय, तर रंग किती वर्षं टिकेल ते शोधायचं. लोखंडाच्या पट्टीला रंग द्यायचा, ती पेटीत घालायची, तिच्यावर दिव्याचं ऊन पाडायचं, खारं पाणी मारायचं, पुन्हा ऊन. वीस वर्षांचं म्हातारपण तीन आठवड्यांत. बाकीचे लोक पट्टी खराब झाली की नाराज व्हायचे. हदासा त्या पट्ट्या घरी आणायची. एवढं सुंदर काही तिनं पाहिलेलं नव्हतं.

नोकरी सोडून ती मामाच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात आली आणि बास गिटारी म्हाताऱ्या करायला लागली. बासच का? कारण मामा बास वाजवायचा, आणि लहानपणी तिनं तो आवाज कानांच्या आधी पोटात ऐकला होता. तिच्या गिटारी बंगळूरला गेल्या, शिलाँगला गेल्या, एक तर कोणा हौशी डॉक्टरनं दुबईला नेली. पण गेल्या सगळ्या कुरियरच्या खोक्यातून, गुपचूप, चोरीच्या मालासारख्या. पनवेलमध्ये विचाराल तर, "ती होय? मामाच्या दुकानात असते. काहीतरी घासत असते."

म्हणून पाटी. म्हणून पैज.

मामाची स्वतःची बास होती. जपानी, तपकिरी, एकोणऐंशी साली एका हॉटेलातल्या वादकाकडून घेतलेली. दिवसा कपाटं पॉलिश करायची आणि संध्याकाळी लग्नात ही वाजवायची, असं मामानं आयुष्य काढलं. हात टेकून टेकून एका जागी तिचा रंग पार उडाला होता आणि आतलं लाकूड उघडं पडलं होतं. डोक्याशी सिगारेटचा एक काळा डाग होता. मामा ती कुलपात ठेवायचा.

"हिच्यासारखी एक करून दाखव," गणपती झाल्यावर मामा एकदाचा म्हणाला. "दोघी शेजारी ठेव. मी माझी ओळखली नाही, तर लाव पाटी. ओळखली, तर तुझ्या बाटल्या उचलायच्या आणि माझ्या दुकानातून हे सोंग बंद. कायमचं."

"कायमचं?"

"कायमचं."

"मला तुझी एक दुपार दे. मापं घ्यायला."

"एक दुपार," मामा म्हणाला. "तीन ते पाच."

हदासानं दोन्ही गिटारींना तिथंच नावं ठेवली. मामाची थोरली. अजून जन्माला न आलेली, ती धाकटी.

कृती

एक कोरी करकरीत बास गिटार घ्यावी. तिचे लाड करू नयेत.

सुटे भाग काढावेत. स्क्रू, पट्ट्या, तारांच्या खुंट्या एका डब्यात घालून वर व्हिनेगर आणि उरणच्या मिठागरातलं जाडं मीठ टाकावं, झाकण लावावं, आणि रोज सकाळी उघडून बघायचा मोह टाळावा. (टळत नाही.)

लाकडी अंगाला केस वाळवायच्या यंत्रानं गरम करावं, चटका बसेल इतकं. मग लगेच गारठवावं. त्यासाठी शेजारच्या आइस्क्रीमवाल्या प्रणितकडे डीप फ्रीझर मागावा. आत काय ठेवणार म्हणून त्यानं विचारलं तर खरं सांगावं. त्याचा विश्वास बसणार नाही, पण फ्रीझर मिळेल. पिस्त्याच्या डब्यांशेजारी पाऊण तास. मग कान देऊन ऐकावं : टिक्. टिक् टिक्. रंगाला बारीक भेगा जातायत. हा आवाज ज्याला आवडत नाही त्यानं हे काम करू नये.

किल्ल्यांचा जुडगा घ्यावा. मारू नये, पडू द्यावा.

हात टेकतो तिथं घासावं. कुठं टेकतो? थोरली तर कुलपात. तेव्हा दुकानातल्या भिंतीवरचा मामाचा फोटो काढावा. ब्याण्णव साल, पेणचं लग्न, मामाचे केस काळे, बाही दुमडलेली. भिंगातून बघून एकेक ओरखडा मोजावा.

सिगारेटचा डाग सिगारेटनंच पाडावा. खोकावं. मामानं "मागं काय जळतंय?" विचारल्यास "काही नाही" म्हणावं.

मळासाठी कॉफी, बुटाचं पॉलिश, आणि थोडा खरा मळ. तो हाताला सुटू नये म्हणून वरून बिनचकाकीच्या पारदर्शक लॅकरचा एक पातळ, अगदी श्वासाइतका पातळ हात द्यावा.

अडीच महिने.

रविवार, सव्वाअकरा

तुळशीची लग्नं होऊन आठवडा झाला होता, म्हणजे आसपासच्या गावांत हळदी सुरू झाल्या होत्या, म्हणजे केतन घाईत होता. रोडपालीचा केतन हळदीच्या बँडमध्ये बास वाजवायचा. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या मावसबहिणीची, भाविकाची हळद होती आणि त्याची गिटार हदासाकडे दुरुस्तीला पडली होती.

गिटार कसली, रोषणाई होती ती. सोनेरी चकमकीचा रंग, चारच्या जागी पाच तारा, मानेवरच्या प्रत्येक ठिपक्यात निळा दिवा. ते दिवे हदासानंच बसवले होते, दात ओठ खाऊन.

"पेटव ना," केतन म्हणाला. तिनं खटका दाबला. मान निळी झाली. केतन लहान पोरासारखा हसला. "आयला! वरून ड्रोननं पन दिसंल."

"गिटार आहे की गणपतीचं मखर?"

"आन तुझी?" त्यानं पॉलिशच्या टेबलाकडे हनुवटी केली. तिथं जुन्या चादरीवर थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी झोपल्या होत्या. "अपघातात सापडलेली रिक्षा. एक न्हाय, दोन. खरं सांग, उद्या नवी गाडी घेतलीस तर शोरूमच्या दारात पयला दगड तूच मारशील ना?"

"मी नाही मारणार. गाडी हळूच खांबाला लावीन."

"आमच्याकडं देव्हारा पन दर दिवाळीला नवा होतो. जुनं काय बघायचं त्यात?"

"कुणाचा तरी हात दिसतो."

"मंग खरा हात दाखव ना. तू तर खोटा दाखवतेस."

हे नेमकं मामाचं वाक्य. हदासाला झोंबलं. पण उत्तर द्यायला वेळ नव्हता, कारण मामा पुढच्या भागातून हात पुसत आत आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. सत्तर वर्षांचा माणूस पैजेसाठी दाढी करून आला होता!

"अटी," मामा म्हणाला. "एक. दोघींना नव्या तारा. घातल्यास?"

"घातल्या."

"तारांवरून केतनसुद्धा ओळखेल."

"सुद्धा म्हंजे?" केतन म्हणाला.

"दोन. हदासा, तू तोंड भिंतीकडे कर. तुझ्या तोंडावर सगळं छापून येतं. तीन. केतन, तू यांच्या जागा बदल. इतक्यांदा बदल, की तुलापण कळता कामा नये."

"मना आधीच कुठं कळतंय."

हदासा भिंतीकडे वळली. धाकटीच्या आत, मानेचे चार स्क्रू काढले की दिसेल अशा जागी, तिनं पेन्सिलीनं 'ह' लिहून ठेवला होता. तेवढाच पुरावा.

भिंत

नाकासमोर कॅलेंडर. एका चौकोनात दोन तारखा, एक सगळ्यांची, एक सिनेगॉगच्या ज्यू पंचांगातली.

मागं चादर सरकतेय. लाकूड लाकडाला लागतंय. "हळू!" असं मामा आणि हदासा एकदम ओरडतात.

केतन : "फिरवल्या. आता देवाला पन नाय म्हाईत."

मामाच्या चपला. थांबल्या.

नाकानं घेतलेला श्वास. मामा वास घेतोय. घे बाबा. दोघींना याच दुकानाचा वास आहे.

नखानं टक्. दुसरीवर टक्.

"हं."

हा हं कसला? हदासा कॅलेंडरवर बोट रोवते. हं म्हणजे कळलं, की हं म्हणजे कळत नाही?

"सिगारेट इथंच होती का रे माझी?" मामा पुटपुटतो. विचारतोय स्वतःलाच.

केतन : "मामा, मी तवा जन्मलो नव्हतो."

"गप."

आता उचलली. मामाचे गुडघे वाजले. पट्टा खांद्यावर. वायर. खरखर. स्पीकर गुणगुणायला लागला.

पहिला सूर.

तो कानाला आलाच नाही. आधी भिंतीला गेला, भिंतीतून कॅलेंडरला, कॅलेंडर थरथरलं, आणि मग हदासाच्या कपाळात शिरला. मामा सावकाश चार सूर खाली उतरला, दोन वर चढला, मध्येच लग्नातली ती वरात पुढं सरकवायची चाल धरली. ही थोरली. शंकाच नाही. सेहेचाळीस वर्षं वाजलेलं लाकूड असं बोलतं.

बंद. वायर काढली. दुसरी.

तेच चार सूर. तेच दोन. तीच चाल.

ही थोरली!

मग पहिली कोण होती?

हदासाला हसू फुटलं. तिनं ओठ चावले. पाठीतून मुंग्या वर चढल्या. तिनं जी घडवली, तास तास, भेग भेग, ती तिलाच ओळखू येत नव्हती! हरली तरी चालेल असं तिला एक क्षणभर वाटलं. लगेच वाटलं, नाही, अजिबात चालणार नाही.

मामा पुन्हा पहिली घेतो. पुन्हा दुसरी. केतनची पायानं ताल द्यायची सवय, ती सुरू झाली. आता मामा वाजवतोय ते परीक्षेसाठी नाही. मामा वाजवतोय. दोन वर्षांत त्यानं असं वाजवलं नव्हतं. पाच वर्षांतही.

मग एकदम शांतता.

"ही," मामा म्हणाला. "ही माझी. चष्मा ठेवलाय बघ हिच्यावर. आता हलायचं नाही."

वळल्यावर

एक सेकंद तिलाही कळेना.

हळद

डावीकडच्या गिटारीवर मामाचा चष्मा होता. हदासानं ती पाहिली, उजवीकडची पाहिली, आणि सरळ स्क्रूड्रायव्हर घ्यायला फळीकडे धावली. मान उघडायची, 'ह' बघायचा. बस्स.

तेवढ्या वेळात रंभाकाकू आत आली.

रंभाकाकू म्हणजे केतनची आई. ती इतका वेळ बाजारात केळी आणि फुलं घेत होती. तिच्या घरची एक रीत होती : हळदीच्या मांडवात वाजणाऱ्या वाद्याला नवरीच्या आधी हळद लागली पाहिजे. ढोलकी, बँजो, कीबोर्ड, सगळ्यांचं घरीच सकाळी उरकलं होतं. उरली होती केतनची गिटार. म्हणून ती स्टीलच्या डब्यात कालवलेली हळद घेऊन आली होती. पाच बोटं बुडवून तिनं सोनेरी गिटारीवर पंजा उठवला, हात जोडले, आणि मग तिला टेबलावरच्या दोघी दिसल्या.

"अगं बाय! या कोनाच्या? काय दशा झालीय लेकरांची!"

आणि कोणी आईच्या पोटी जन्मलेला माणूस तोंड उघडायच्या आत तिनं पुन्हा डब्यात हात घातला. थप. डावीवर. थप. उजवीवर. दोन्हीकडे नेमका पंजा तिथं, जिथं रंग उडून लाकूड दिसत होतं.

"काकू!" हदासा किंचाळली.

"आये! काय केलंस!" केतन ओरडला.

"काय केलं? एकीला लावायची आन दोगींना तसंच ठेवायचं? पापाच लागंल."

मामानं खिशातून रुमाल काढून पुढं केला.

हदासानं रुमाल हिसकावला आणि डावी पुसली, चष्म्याची. पंजा निघाला. एका हातात निघाला, ओट्यावरचं दूध पुसावं तसा. खाली लाकूड होतं तसं, मळकट, तपकिरी, कोरडं.

उजवी पुसली.

निघेना. पुन्हा पुसली. रुमाल पिवळा झाला, लाकूड पिवळंच राहिलं. पाच बोटं, अंगठ्यासकट, काकूच्या बांगडीचा एक पुसट अर्धगोलसुद्धा. हळद आत गेली होती. उघड्या लाकडात, जिथं मामाच्या हातानं सेहेचाळीस वर्षांत सगळे थर खाऊन टाकले होते, आणि जिथं वरून लॅकरचा हात द्यायला कोणी गेलं नव्हतं.

हदासाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. गरजच उरली नव्हती.

"मामा," ती म्हणाली. आवाज चिरकला. "डावी माझी आहे."

"कळलं मला."

"तू धाकटी निवडलीस."

"अगं कळलं म्हणतोय ना!"

केतननं आधी मामाकडे पाहिलं, मग हदासाकडे, आणि मग अशी शिट्टी मारली की आइस्क्रीमवाला प्रणित दारात येऊन उभा राहिला. "काय झालं?" "हदासा जिंकली!" "काय जिंकली?" "पाटी!" प्रणितला काही समजलं नाही, पण त्यानं टाळ्या वाजवल्या.

मामा स्टुलावर बसला. धाकटीवरचा चष्मा उचलून त्यानं डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे खाली वाकून बघत राहिला.

"दुसरी वाजवली तेव्हा ती बरी वाटली," तो म्हणाला. "जुनी. पण नुसती जुनी. हिच्यात मला मी सापडलो. बाही दुमडलेला. तू कुठल्या सालची केलीस ही?"

"ब्याण्णवची. फोटोवरून. तू थोरली दिलीस ती दोनच तास."

"म्हणजे मी माझीच नाही ओळखली. आठवण ओळखली." त्यानं मान हलवली. मग एकदम हसायला लागला, खांदे हलवत. "आणि ती बघा, ती बिचारी! मी सत्तर वर्षांचा झालो, मला काही कोणी हळद लावली नाही. माझ्या आधी हिला लागली!"

"आता लगीन लावायलाच लागंल, मामा," केतन म्हणाला.

रंभाकाकूचा चेहरा मात्र उतरला होता. "दादा, मना काय म्हाईत. तुमची इतक्या वर्सांची वस्तू. लिंबानं जाईल का?"

"काही लावू नका, रंभाताई. राहू दे." मामानं थोरलीवरच्या पिवळ्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघितली. बसत नव्हती, काकूचा हात लहान होता. "हे मला कुठल्याच लग्नात मिळालं नाही." मग हदासाकडे न बघता म्हणाला, "लाव तुझी पाटी. पण माझ्या पाटीच्या खाली. वर नाही."

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी ती थांबली होती, ते आलं, आणि हदासा ते नीट ऐकतसुद्धा नव्हती.

पेपर

ती धाकटीकडे बघत होती. त्या कोरड्या, स्वच्छ, जिंकलेल्या जागेकडे.

सगळं जमलं होतं. भेगा, गंज, डाग, मळ, आवाज. आणि एक बाई प्रेमानं हात ठेवते, तर तो हात निथळून जातो! हे कसलं म्हातारपण? ज्याला पुढं काही लागतच नाही?

"काकू, डब्यात हळद आहे अजून?"

"हाय थोडी. पन सुकायला लागलीय."

"सुकू देऊ नका! पाणी घाला, प्रणितकडून घ्या, काहीही करा!"

ती पॉलिश पेपरच्या खणावर तुटून पडली. जाड नको, हा नको, हा. धाकटीला तिनं चादरीवर आडवी दाबली आणि स्वतः दिलेला तो श्वासाइतका थर घासायला सुरुवात केली. पांढरी भुकटी उडाली. अडीच महिन्यांचा मळ, कॉफी, बुटाचं पॉलिश, सगळं त्याच्याबरोबर चाललं होतं. चालू दे.

"अगं, आता कशाला?" केतन म्हणाला. "जिंकलीस ना?"

"तू गप. तुझी ती चकमक आहे ना, तिच्यावर बघ. आहे काकूंचा हात?"

केतननं सोनेरी गिटारीकडे पाहिलं. हळद चकाकीवरून ओघळून खाली गोळा झाली होती. तो जरा वेळ बघत राहिला. "एवढ्याच जागेवरचा रंग काढता येतो का गं?" त्यानं हळूच विचारलं. "पंजाएवढा? पन दिवे ऱ्हायले पायजेत."

"बाहेर पाटी लागली की विचार."

गिटार हातातून निसटत होती. एका हातानं धरून दुसऱ्यानं जोर लागत नव्हता. आणि तेवढ्यात समोरून दोन हात आले, पॉलिशनं काळी झालेली नखं, इस्त्रीच्या बाह्या वर सारलेल्या. या कामाला दोन वर्षांत ज्यानं बोट लावलं नव्हतं, त्या मामानं धाकटी दोन्ही बाजूंनी घट्ट धरली.

"असं नको घासूस. आडवं जातंयस," तो म्हणाला. "माझा हात तिरका यायचा. हा बघ. इथून. असा." त्यानं कोपरापासूनचा हात लाकडावर टेकवून दाखवला. हदासानं त्या हाताच्या कडेकडेनं पेपर फिरवला.

बाहेर केतनच्या गाडीमागं कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. रंभाकाकू पाच बोटं बुडवून, हात हवेत धरून उभी होती, आणि हळद तिच्या मनगटावरून बांगड्यांत उतरत होती.

"आता लावू का गं?"

"थांबा!" मामा आणि हदासा एकदम ओरडले. "अजून थोडं!"